पायोनियरच्या खात्यातील तफावत

इसवी सन १९८० च्या सुमारास, अमेरिकेतील पॅसाडीना येथे नासाच्या वतीने चालणाऱ्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, दूरच्या यानांच्या मार्गाचा हिशेब ठेवणाऱ्या जॉन अँडरसन यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन यानांच्या खात्यांत एक बारीकशी तफावत दिसू लागली. मार्च १९७२ मध्ये उड्डाण केलेले पायोनियर-१० आणि त्याच्यामागून एप्रिल १९७३ मध्ये निघालेले पायोनियर-११, ही ती दोन याने. पहिल्याने डिसेंबर १९७३ मध्ये गुरूची भेट घेतली. दुसऱ्याने एका वर्षाने गुरूला आणि सप्टेंबर १९७९ मध्ये शनीला वळसा घातला. आणि मग दोघांनीही, एकमेकांच्या जवळजवळ विरुद्ध दिशांना तोंडे करून, सूर्यमालेचा निरोप घेतला. एवढ्या अवधीत त्यांच्यावर कार्य करणाऱ्या सर्व ज्ञात बलांची, म्हणजे सूर्याचे आकर्षण, ग्रहांचे आकर्षण, सूर्यप्रकाशाचा दाब, इंधनाच्या झोतांचे धक्के या सर्वांची, काटेकोर वजाबाकी केल्यावरही काही शिल्लक उरत होती, आणि ती शिल्लक दोन्ही यानांच्या बाबतीत एकाच दिशेची, सूर्याकडची, होती. जणू कोणी अदृश्य हाताने यानांना अत्यंत मंदपणे मागे ओढीत होते.

ही ओढ किती, तर पृथ्वीच्या पृष्ठभागावर आपणांस जाणवणाऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक हजार कोटीव्या भागाइतकी. एवढ्या क्षुद्र बलाने वर्षाकाठी यानाच्या वेगात सेकंदाला तीन सेंटीमीटरही फरक पडत नाही. परंतु कालाचा गुणाकार मोठा निर्दय असतो, आणि पहिल्याच वर्षाच्या अखेरीस यान अपेक्षित स्थानापासून चारशे किलोमीटरांहून अधिक मागे पडते. मोजणी करावयाची साधनेही तितकीच नाजूक. पृथ्वीवरून पाठविलेली रेडिओ-लहर यान ग्रहण करी आणि ठराविक गुणोत्तराने तिची कंपनसंख्या वाढवून परत पाठवी. यान दूर जात असल्यामुळे ती परतलेली लहर किंचित खालच्या सुरात ऐकू येई, आणि डॉप्लर परिणाम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या उतरणीवरून यानाचा वेग काढता येई. सेकंदाला सव्वादोनशे कोटींहून अधिक कंपने असलेल्या लहरीत आठ वर्षांत मिळून दीड कंपनाचा फरक पडला; आणि त्या दीड कंपनाने पुढे तीन दशके पदार्थविज्ञानातील पुष्कळ मोठ्या मंडळींची झोप उडविली.

हा फरक पायोनियरांतच का दिसला आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक गाजलेल्या व्हॉएजर यानांत का दिसला नाही, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर त्यांच्या घडणीत आहे. पायोनियर स्वतःच्या अक्षाभोवती मिनिटाला काही फेरे घेत आणि त्यामुळेच स्थिर राहत. आपली दिशा सांभाळण्यासाठी त्यांना वारंवार झोत सोडावे लागत नसत. व्हॉएजर मात्र लहान लहान झोतांच्या योगे आपला तोल सावरीत, आणि त्या सततच्या धक्काबुक्कीत असली सूक्ष्म ओढ लपून जाई.

लहरीवरून यानाची गती ओळखण्याच्या या विद्येचे एक ओझरते दर्शन आमच्या नागापूरच्या भागालाही घडले आहे. हे नागापूर म्हणजे अहमदनगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगर या नावाने संबोधिल्या जाणाऱ्या शहराच्या, उत्तरेस मनमाडच्या रस्त्यावर सीना नदीच्या आश्रयाने वसलेले गाव. औद्योगिक वसाहतीच्या आगमनानंतर त्याचे जुने रूप पार पालटले, आणि आज त्याची ओळख कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांनी व पाळी बदलण्याच्या भोंग्यांनीच होते. नगरहून पश्चिमेस कल्याणच्या रस्त्याला लागावे, टाकळी ढोकेश्वर मागे टाकून आळेफाटा गाठावा आणि तेथून नारायणगावकडे वळावे, म्हणजे खोडदच्या माळावर गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेने उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, तबकड्या दृष्टीस पडतात. अशा एकूण ३० तबकड्या असून त्यांचा विस्तार सुमारे २५ किलोमीटरांचा आहे. आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींत विजेच्या यंत्रांचा गोंगाट मिसळू नये म्हणून तेथील परिसरात उद्योगांवर निर्बंध आहेत. त्यामुळे ज्या कारखानदारीने नागापूरचा उदय झाला, तीच कारखानदारी खोडदच्या आसमंतात निषिद्ध ठरली, आणि तेथील तरुणांची रोजगाराबद्दलची तक्रार सर्वस्वी अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. असो. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी शियापारेली नावाचे युरोपीय यान मंगळावर उतरत असताना, सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून येणारी त्याची अतिक्षीण लहर याच तबकड्यांनी टिपली आणि लहरीच्या चढउतारावरून यानाच्या अवतरणाचा मागोवा घेतला. जमिनीला लागण्यापूर्वीच ती लहर थांबली. पुढे चौकशीत निष्पन्न झाले ते असे, की यानाचा डोल मोजणारे उपकरण क्षणभर आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन अडकले, त्या चुकीच्या आकड्यावरून यानाच्या संगणकाने आपली उंची शून्याहूनही कमी, म्हणजे आपण जमिनीखाली आहोत, असे ठरविले, आणि सुमारे पावणेचार किलोमीटर उंचीवर असतानाच छत्री सोडून दिली.

पायोनियरच्या लहरी ऐकणाऱ्यांना अपघात शोधावयाचा नव्हता. ते एका नव्या ग्रहाच्या शोधात होते. युरेनस आणि नेपच्यून यांच्या गतींत अल्पशी अनियमितता आहे आणि ती घडविणारा एखादा दहावा ग्रह पलीकडे असावा, अशी समजूत त्या काळी प्रबळ होती, आणि तसा ग्रह असेल तर पायोनियरांच्या मार्गावर त्याची छाया पडलीच पाहिजे, अशा भरवशाने अँडरसन यांनी हे हिशेब मांडले होते. येथे मराठी वाचकाला वेंकटेश बापूजी केतकरांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ या ग्रंथांच्या कर्त्याने बागलकोटसारख्या आडवळणी गावी बसून, गुरूच्या उपग्रहांविषयी लाप्लासने शोधून काढलेल्या संबंधाच्या धर्तीवर गणित करून, १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिर्विद मंडळाच्या पत्रिकेत नेपच्यूनच्या पलीकडे आणखी ग्रह असल्याचे भाकीत प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकाला त्यांनी ‘ब्रह्मा’ हे नाव दिले आणि त्याचा प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे व सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट सांगितले. १९३० साली प्लूटो सापडला तेव्हा त्याचा काल सुमारे २४८ वर्षे आणि अंतर साडेएकोणचाळीस पट निघाले. हे आकडे इतके जुळले, की आपल्याकडे केतकरांना प्लूटोचे द्रष्टे म्हणण्याची प्रथा पडली, आणि त्यांच्या बुद्धीच्या तेजाविषयी कोणाला शंका घेण्याचे कारणही नाही. परंतु १९७८ साली प्लूटोचा उपग्रह सापडून त्यावरून प्लूटोचे वजन करता आले, तेव्हा ते पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकेच भरले. इतका हलका गोल मोठ्या ग्रहांना हलविणे शक्यच नव्हते. शिवाय १९८९ मध्ये व्हॉएजर-२ नेपच्यूनजवळून गेले, त्यावरून नेपच्यूनचे वस्तुमान अर्ध्या टक्क्याने कमी करावे लागले, आणि १९९३ साली माइल्स स्टँडिश यांनी नव्या आकड्यांनी गणित मांडताच युरेनसची ती अनियमितता नाहीशी झाली. ज्या ग्रहासाठी पायोनियरांचे हिशेब उघडले गेले तो ग्रह असा निकालात निघाला. हिशेबातील तफावत मात्र जागेवरच राहिली.

अँडरसन, स्लावा तुरिशेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मामला जगापुढे मांडला तो १९९८ साली. हेच वर्ष दुसऱ्याही एका कारणाने खगोलशास्त्राच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. अतिदूरच्या अतिनवताऱ्यांची तेजस्विता मोजणाऱ्या दोन स्वतंत्र तुकड्यांनी त्याच वर्षी जाहीर केले, की हे तारे अपेक्षेहून अंधुक, म्हणजेच अपेक्षेहून दूर आहेत, आणि त्याअर्थी विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेग घेत आहे. हा वेग देणाऱ्या अज्ञात कारणाला मायकेल टर्नर यांनी ‘डार्क एनर्जी’ हे नाव दिले, आणि आपल्याकडे ती ‘कृष्ण ऊर्जा’ म्हणून रूढ झाली. एकाच वर्षी आकाशाच्या दोन टोकांना दोन न जुळणारे हिशेब निघाले, तेव्हा त्या दोहोंचा एकच धनी असेल अशी कल्पना सुचणे अपरिहार्य होते. तिला एका विलक्षण योगायोगाने बळही दिले. प्रकाशाच्या वेगाला विश्वप्रसरणाचा दर सांगणाऱ्या हबलच्या अंकाने गुणिले असता जे त्वरण येते, ते पायोनियरच्या ओढीशी जवळजवळ जुळते. एक सात तर दुसरे पावणेनऊ, आणि परिमाण तेच. सूर्यमालेच्या उंबरठ्यावरील एका यानाला अखिल विश्वाच्या प्रसरणाची चाहूल लागली, या विचारात असे काही भव्य होते, की भल्याभल्यांना त्याचा मोह आवरला नाही, आणि त्यावर निबंधांमागून निबंध प्रसिद्ध झाले.

गणिताची थोडी तोशीस घेतली तर मात्र हा मोह लगेच उतरतो. कृष्ण ऊर्जेची घनता इतकी विरळ आहे, की नेपच्यूनच्या कक्षेएवढ्या गोलात ती जितकी मावते तिचे वस्तुमान सव्वा किलोमीटर व्यासाच्या एखाद्या खडकाएवढे भरते. सूर्याच्या आधिपत्याखालील या अफाट प्रदेशात एवढ्या सामग्रीच्या जोरावर कोणाचे काय वाकडे होणार? सूर्यापासून पृथ्वीच्या सत्तरपट अंतरावर असलेल्या यानावर या ऊर्जेचा जो परिणाम होतो, तो पायोनियरच्या ओढीहून वीस लक्ष कोटी पटींपेक्षाही अधिक दुबळा आहे. आणि प्रमाणाचा हा आक्षेप क्षणभर बाजूस ठेविला, तरी दिशेच्या आक्षेपाला उत्तर नाही: कृष्ण ऊर्जेचा धर्म वस्तूंना परस्परांपासून दूर लोटण्याचा, आणि पायोनियर तर सूर्याकडे ओढले जात होते. ज्याच्यावर वाहन मागे खेचल्याचा आरोप ठेवायचा तो इसम वाहन पुढे ढकलीत होता, आणि तेही मुंगीच्या बळाने, असे सिद्ध झाल्यावर फिर्याद टिकत नाही. याखेरीज ही ओढ खरोखर गुरुत्वाकर्षणाच्या जातीची असती, तर तिचा पगडा पृथ्वी आणि मंगळ यांच्यावरही पडला असता. मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांमुळे त्या ग्रहाचे अंतर इतक्या काटेकोरपणे मोजले गेले होते, की असा पगडा लपणे अशक्य होते. ही गोष्ट पहिल्या निबंधाच्या कर्त्यांनी स्वतःच नमूद केली होती, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण मानले पाहिजे.

या वर्षांत कृष्ण ऊर्जेचा खल जगात जेथे अत्यंत गांभीर्याने चालला होता, त्या मोजक्या ठिकाणांत पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेची गणना करावी लागेल. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक डॉ. जयंत नारळीकर. तेथील वरुण साहनी यांनी रशियाच्या अलेक्सेई स्टारोबिन्स्की यांच्यासह २००० साली विश्वस्थिरांकाची, म्हणजे कृष्ण ऊर्जेच्याच एका रूपाची, बाजू मांडणारा जो प्रदीर्घ आढावा लिहिला, आणि थानू पद्मनाभन यांनी २००३ साली शून्य अवकाशाच्या वजनाविषयी जो लिहिला, ते दोन्ही आजही या विषयाच्या अभ्यासकांना टाळता येत नाहीत. विशेष हे, की त्याच इमारतीत स्वतः नारळीकर या ऊर्जेचे अस्तित्व मान्य करावयास तयार नव्हते. १९६० च्या दशकापासून फ्रेड हॉएल यांच्यासमवेत ज्यांनी महास्फोटाच्या सिद्धांताशी उभा दावा मांडला, आणि १९९३ साली हॉएल व जेफ्री बर्बिज यांच्या सहकार्याने अर्धस्थिर विश्वाची कल्पना पुढे आणली, त्यांनी २००० साली सहकाऱ्यांसह असे प्रतिपादन केले, की दूरचे अतिनवतारे अंधुक दिसतात ते अज्ञात ऊर्जेमुळे नव्हे, तर आकाशगंगांच्या दरम्यान विखुरलेल्या धातूंच्या सूक्ष्म सुयांसारख्या धुळीमुळे. नवीन बल कल्पिण्यापूर्वी परिचित द्रव्याची जबानी घ्यावी, हा त्यामागचा आग्रह.

मला नेहमी वाटत आले आहे, की १९९८ च्या या दोन तफावतींकडे एकत्र पाहिल्याखेरीज त्यांपैकी कोणतीच नीट उमगत नाही. दोहोंच्या बाबतीत प्रश्न एकच होता: अपरिचित कारण की परिचित? अतिनवताऱ्यांच्या बाबतीत नारळीकरांची धूळ हरली. २००४ साली अॅडम रीस आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या साहाय्याने त्याहूनही दूरचे अतिनवतारे पाहिले, तेव्हा धुळीच्या हिशेबाने ते अधिकाधिक अंधुक व्हावयास हवे होते, ते तसे झाले नाहीत. आणि विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या आदिप्रारणाच्या व आकाशगंगांच्या वितरणाच्या पाहण्यांनीही निकाल कृष्ण ऊर्जेच्या पारड्यात टाकला. नारळीकरांनी तो निवाडा मनापासून स्वीकारला असे दिसत नाही. पायोनियरच्या बाबतीत मात्र त्यांच्याच पठडीतली विचारसरणी विजयी झाली, आणि ती कोणत्याही नव्या दुर्बिणीच्या नव्हे, तर जुन्या दप्तराच्या जोरावर.

यानांवर विद्युत्‌निर्मितीसाठी प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारे चार जनित्रे होती आणि त्यांतून उड्डाणसमयी सुमारे अडीच हजार वॅट उष्णता बाहेर पडत असे. प्रकाश असो की उष्णता, ती ज्या दिशेला जाते त्याच्या विरुद्ध दिशेला वस्तूला किंचित धक्का बसतो. आणि पायोनियरची संपूर्ण ओढ समजावून देण्यासाठी या उष्णतेपैकी अवघी ६५ वॅटच्या आसपासची, म्हणजे घरातल्या एका साध्या विजेच्या दिव्याइतकी, उष्णता सूर्याच्या विरुद्ध दिशेला अधिक गेली तरी पुरे होते. ती तशी जाण्याचे कारणही उघड्यावरच होते. पावणेतीन मीटर व्यासाची तबकडी पृथ्वीकडे, म्हणजे बहुतांशी सूर्याकडे, तोंड करून असे. तिच्या पाठीमागे उपकरणांची पेटी होती, पेटीच्या मागल्या अंगाला उष्णता बाहेर सोडणाऱ्या झडपा होत्या, आणि लांब दांड्यांवर बसविलेल्या जनित्रांची काही उष्णता तबकडीच्या पाठीवर आपटून मागेच परावर्तित होत होती. १९९९ पासून एडवर्ड मर्फी, जोनाथन काट्झ आणि त्यानंतर लुई शेफर यांनी हे मुद्दे मांडले. परंतु अँडरसन पक्षाचा जबाबही वजनदार होता. प्लुटोनियमची उष्णता वर्षानुवर्षे घटत जाते, सुमारे ८८ वर्षांत निम्मी होते, आणि विजेवर चालणाऱ्या उपकरणांची त्याहून झपाट्याने घटते. मग ओढ मात्र स्थिर का? यावर तोड एकच, की दहा-बारा वर्षांच्या टिपणांवर न थांबता अधिक लांब कालखंडाची टिपणे तपासावीत.

आणि येथून या कथेला असे वळण लागते, की मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ती एकदम घरची वाटू लागते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला तो वाड्यांच्या माळ्यांवरील रुमालांतून काढलेल्या कागदांवर; तुरिशेव्ह आणि कॅनडावासी व्हिक्टर टॉथ यांनी २००० नंतरच्या दशकात ज्यांचा शोध घेतला ते रुमाल होते चुंबकीय फितींचे, कालबाह्य यंत्रांवर लिहिलेल्या, आणि वाचणारे यंत्र सहजी मिळणे दुर्घट अशा. यानांचे तापमान, विद्युद्दाब, झडपांची स्थिती अशा नोंदी पायोनियर प्रकल्पाचे जुने सेवक लॅरी केलॉग यांनी जपून ठेविल्यामुळेच वाचल्या. या कामी सरकारी खजिन्याबरोबरच प्लॅनेटरी सोसायटी या संस्थेच्या सभासदांनी वर्गणी दिली, ही गोष्ट मला विशेष उल्लेखनीय वाटते. कारण जुन्या कागदांना पैसा देणारा मनुष्य नेहमीच विरळा. अखेर पायोनियर-१० ची सुमारे २३ वर्षांची आणि पायोनियर-११ ची सुमारे १० वर्षांची टिपणे एकत्र आली.

त्या लांब टिपणांतून २०११ साली जे निघाले ते निर्णायक ठरले. ओढ स्थिर नव्हती. ती घटत होती, आणि ज्या गतीने घटत होती ती गती यानावरील उष्णता आणि वीज कमी होत जाण्याच्या गतीशी जुळणारी होती. पुढल्या वर्षी यानाच्या मूळ आराखड्यांवरून त्याची संपूर्ण प्रतिकृती संगणकात उभारून, कोणत्या पृष्ठभागावरून किती उष्णता कोठे जाते याचा स्वतंत्र हिशेब करण्यात आला, आणि उष्णतेचा हा धक्का जमेस धरल्यावर शिल्लक म्हणावी अशी काही उरली नाही. जर्मनीतील ब्रेमेनच्या आणि पोर्तुगालच्या संशोधकांनी वेगळ्या रीतीने केलेले गणितही याच निष्कर्षाला येऊन मिळाले. केतकरांचा ब्रह्मा आणि प्लूटो यांच्यामध्ये जो अंकांचा मेळ बसला होता, त्याच जातीचा, योगायोगाचा, मेळ हबलच्या अंकाचा आणि पायोनियरच्या ओढीचा होता. पायोनियर-१० ची शेवटची क्षीण हाक २३ जानेवारी २००३ रोजी पृथ्वीवर ऐकू आली होती. निकाल ऐकण्यास ते यान संपर्कात उरले नव्हते.

या निकालाने दूरच्या यानांची सर्वच खाती बंद झाली असे मात्र कोणी समजू नये. पृथ्वीला वळसा घालून वेग मिळविणाऱ्या काही यानांच्या बाबतीतही अशीच तफावत आढळली आहे: डिसेंबर १९९० मध्ये गॅलिलिओच्या वेगात सेकंदाला चार मिलिमीटर, जानेवारी १९९८ मध्ये निअर यानाच्या वेगात साडेतेरा मिलिमीटर, आणि मार्च २००५ मध्ये रोझेटाच्या वेगात दोन मिलिमीटरांहून किंचित कमी, अशी वाढ हिशेबाबाहेर झाली. तीच रोझेटा २००७ आणि २००९ मध्ये पुन्हा पृथ्वीजवळून गेली तेव्हा तसे काही घडले नाही, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्युनो गेले तेव्हाही हिशेब चोख जुळला. या मिलिमीटरांच्या पाठीमागेही कृष्ण ऊर्जेला उभे करणारे लेखक निघाले आहेत. वीस लक्ष कोटींचा तो आक्षेप त्यांना पृथ्वीच्या इतक्या निकट, जेथे ती ऊर्जा त्याहूनही दुबळी, अधिकच आडवा येतो. गॅलिलिओ आणि निअर यांच्या रकमा अद्याप कोणालाही निर्विवादपणे मिळत्या करता आलेल्या नाहीत.